दोन शतांश

घड्याळजींनी वायरमनच्या हातातली कार्बन-फायबरची काडी काढून घेतली, दोन बोटांत धरून वाकवून पाहिली आणि परत त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही काडी आहे का? ही सळई आहे. घराच्या स्लॅबला घाल."

सगळे हसले. वायरमनही हसला, पण त्याने काडी खिशात घातली नाही.

"मजबूत आहे म्हणून गुन्हा झाला का हो? बाल्साची काडी नुसती बघितली तरी मोडते. आम्ही दिवसभर भिंती फोडणारी माणसं, आमचे हात असे. कार्बन चालू द्या की."

"आज कार्बन, उद्या तयार पंखा, परवा तयार विमान," डेंटिस्ट म्हणाला. "आम्ही मग फक्त टाळ्या वाजवायला येतो."

वार्षिक सभा सुरू होऊन तास झाला होता आणि नियमांच्या पुस्तिकेतलं तिसरं कलम काही केल्या संपत नव्हतं. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, जाळ्याच्या अलीकडे, तेरा माणसं तेरा खुर्च्यांवर बसली होती आणि मतं मात्र चौदा होती. बाहेरच्या माणसाला हे सगळं बघून हसू आलं असतं. भांडण होतं खेळण्यातल्या विमानांवरून. पण ही विमानं बंद हॉलमध्ये उडवायची. बाल्सा या पिसासारख्या हलक्या लाकडाचा, गवताच्या काड्यांएवढा बारीक सांगाडा, त्यावर साबणाच्या फुग्यासारखा पातळ पडदा, आणि पोटाखाली पीळ दिलेलं रबर. पीळ सुटत जातो, पंखा सावकाश फिरतो आणि विमान छपराखाली दहा-बारा मिनिटं घिरट्या घालत राहतं. खाली कोणी शिंकलं तरी बिचारं वाट सोडतं.

जेवढं हलकं तेवढं जास्त वेळ उडणार. म्हणून तिसरं कलम. रबर काढून विमानाचं वजन एक पूर्णांक वीस शतांश ग्रॅम, त्याहून कमी असता कामा नये. हे वजन ज्या काट्यावर ठरायचं तो काटा घड्याळजींनी स्वतः बनवलेला होता. लाकडी डबा, पुढे काच, आत एका टोकाला पक्की बसवलेली पोलादी तार. तिच्या मोकळ्या टोकाला विमान टांगायचं. तार जेवढी वाके तेवढं वजन, मागच्या कार्डावरच्या रेघांवर वाचायचं. आठ वर्षांत त्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

अध्यक्ष होते हेडमास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला तरी वर्ग भरल्यासारखेच बोलायचे. त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

"कार्बनचं पुढच्या वर्षी. बाई, तुमची सूचना मांडा."

बाई म्हणजे लॅबवाल्या बाई. औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायच्या. क्लबात येऊन तीनच महिने झाले होते, म्हणून उभं राहून बोलल्या.

"माझं म्हणणं एवढंच, की वजनात दोन शतांशांची सूट ठेवावी. आमच्याकडे दोन चांगले काटे असले तरी ते अगदी एकसारखं दाखवत नाहीत. मग इथे आपण एका काट्यावर कुणाला तरी बाद करणार..."

"नाही," घड्याळजी म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. अशा वेळी चढवायचा नसतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते उठले, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"सूट म्हणजे काय? आज दोन शतांश, उद्या पाच. मग नियम कशाला? बाई नवीन आहेत, त्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. माझा मेव्हणा इथे विमान उडवायचा. सख्खा मेव्हणा, बायकोच्या पाठचा भाऊ. मीच नाद लावलेला. आठ वर्षांपूर्वी त्याचं विमान या हॉलमध्ये अठरा मिनिटं दहा सेकंद उडालं. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, कुणाचंच तेवढं उडालेलं नाही. उतरल्यावर काट्याला लावलं. एक पूर्णांक अठरा. दोन शतांश कमी. मी काय केलं?"

"बाद केलंत," तिघं-चौघं एकदमच म्हणाले. गोष्ट दरवर्षी व्हायची.

"तो म्हणाला, सोनाराकडे तोलून आणलंय, बरोबर एक वीस भरलं होतं. मी काय म्हणालो?"

"मग वाटेत हलकं झालं असेल!" वायरमनने साधून घेतलं आणि अख्खा हॉल हसला. क्लबात आता ती म्हणच झाली होती. कुणाची छत्री हरवली, डब्यातला लाडू कमी झाला, सभेला कोणी आलं नाही, की लगेच कोणीतरी म्हणायचं, वाटेत हलकं झालं असेल.

"दुसरा नंबर माझा होता," घड्याळजी म्हणाले. "कप नाइलाजाने मला घ्यावा लागला. मेव्हणा त्यानंतर आला नाही. घरी बायकोला वाईट वाटलं. पण काटा सगळ्यांना सारखा."

दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाई बसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढली.

"मी कुणावर शंका घेत नाही हं. पण काटा सगळ्यांना सारखाच आहे, तर एकदा हे लावून बघायला काय हरकत आहे? ही तार मी लॅबमध्ये तोलून आणली आहे. कडीसकट बरोबर एक पूर्णांक वीस. कडी म्हणजे हिचंच टोक वळवलंय, वेगळी लावलेली नाही."

"अहो, लावा की!" घड्याळजी खुशीत आले. "पंखे बंद करा रे. दार लावा. आपल्या काट्याला कशाची भीती?"

त्यांनी डबा पुढे ओढला, काच सरकवली, चिमट्याने तार उचलून काट्याला अडकवली. मग डोळा कार्डाच्या पातळीला आणून वाकले. काट्याचं टोक खाली गेलं, थोडं थरथरलं आणि थांबलं.

एक पूर्णांक अठरा.

घड्याळजींनी डोळे मिटले आणि उघडले. टोक तिथेच होतं. वीसच्या रेघेच्या बरोबर दोन रेघा वर. पाठीमागे बारा माणसं श्वास रोखून उभी होती, कारण काट्याजवळ श्वास रोखायची शिस्त घड्याळजींनीच लावली होती. त्यांच्या पाठीमुळे कुणाला काही दिसत नव्हतं. फक्त बाई बाजूने वाकून बघत होत्या.

"दार उघडं आहे का?" घड्याळजी म्हणाले.

दार बंद होतं. ते सगळ्यांना दिसत होतं.

"जरा वारा लागतोय. पण बरोबर आहे," असं म्हणत त्यांनी तार काढली आणि डबीत न ठेवता सदऱ्याच्या खिशात टाकली. "वीस. बरोबर वीस."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो का," आणि खाली बसल्या.

मतदान झालं. सूट नको म्हणणारे दहा, हवी म्हणणारे तीन. कलम तीन जसंच्या तसं. हेडमास्तरांनी वर आणखी काट्याच्या आभाराचा ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. घड्याळजींना त्या टाळ्या संपेपर्यंत उभं राहावं लागलं.

*

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. रविवारी बंद. घड्याळजी घरी आले, पानावर बसले आणि दोन घास उष्टावून उठले. बायकोने काही विचारलं नाही. ते दुकानात गेले आणि मधलं दार लोटून घेतलं.

काट्याचा डबा टेबलावर ठेवून त्यांनी सगळ्यात खालचा खण उपसला. जुनी डायलं, तुटके पट्टे, काटे, काचा. तळाशी एक काडेपेटी होती. तिच्यात तांब्याच्या तारेची एक लहान गुंडाळी. काटा बनवला तेव्हा हीच तार ते सोनाराकडे घेऊन गेले होते आणि तोलून, कापून, पुन्हा तोलून बरोबर एक पूर्णांक वीस करून आणली होती. हीच टांगून कार्डावर वीसची रेघ ओढली होती. त्यात चूक कुठे असणार?

त्यांनी गुंडाळी चिमट्याने उचलली. तिच्या टोकाला एक कडी होती. पोलादाची, नखाएवढी, घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगची वळवलेली.

घड्याळजी बघतच राहिले.

सोनाराने तोलली होती ती नुसती तार. घरी आल्यावर ती टांगता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच ही कडी तिला लावली होती. आणि कडीसकट टांगून रेघ ओढली होती. विमानाला अशी कडी लागतच नाही, ते आपल्याच आकड्याने लटकतं. त्यांनी गुंडाळी काट्याला लावली. टोक बरोबर वीसच्या रेघेवर. कडी काढली, तारेचंच टोक वळवून पुन्हा टांगली. अठरा.

दुसऱ्यांच्या घड्याळातला अर्धा सेकंद पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने लावलेल्या कडीचं वजन धरलं नव्हतं. बाकीच्यांचं काही बिघडलं नव्हतं. ते सगळे स्पर्धेआधी इथे दुकानात येऊन याच काट्यावर वजन करायचे, कमी भरलं तर नाकाला मातीचा कण लावायचे. घड्याळजींचं स्वतःचं विमान याच काट्यावर बेतलेलं. बाहेरच्या, खऱ्या काट्यावर भरवसा ठेवून आलेला माणूस आठ वर्षांत एकच.

समोरच्या फळीवर कप होता. त्याच्यात हल्ली घड्याळांचे पट्टे ठेवलेले असायचे.

आता कुणाला काय कळणार होतं? बाईंनी बघितलं असेल, नसेलही. वाऱ्याने हललं म्हणता येतं. घड्याळजींनी ब्लेड घेतलं आणि कार्डावरची वीसची रेघ हलक्या हाताने खरवडली. मग बारीक निबाचं पेन शाईत बुडवून, दोन रेघा वर, अठराच्या बारीक रेघेवरच, वीसची नवी ठळक रेघ ओढली. हात अजिबात कापला नाही, याचंच त्यांना नंतर नवल वाटलं.

दार ढकलून बायको चहा घेऊन आली.

"काय करताय?"

"काही नाही. रेघ पुसट झाली होती."

तिने कप टेबलाच्या कडेला ठेवला. डब्याकडे एकदा बघितलं.

"आज सभेत माझ्या भावाचा विषय निघाला असेल ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दरवर्षी निघतो. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही दोन घास जास्त जेवता." ती दाराशी थांबली. "आज मात्र जेवला नाहीत."

ती गेली. चहावर साय धरली तरी घड्याळजी तसेच बसून होते. आठ वर्षं ती भावाला भेटायची ती त्याच्या घरी, नाहीतर फोनवर. तो इकडे यायचा नाही. "रुसलाय, येईल वठणीवर," असं घड्याळजी मोठ्या मनाने म्हणायचे आणि ती काही न बोलता भाजी निवडत राहायची. त्यांना कधी वाटलं नव्हतं, की ती गप्प बसते म्हणजे तिला काही म्हणायचं असेल.

त्यांनी डबा पिशवीत घातला, कडी खिशात टाकली. खिशात बाईंची तार अजून होती.

"जरा जाऊन येतो," ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले.

"कुठे" असं तिने विचारलं नाही.

*

मेव्हणा बाइंडर होता. रविवार असूनही त्याचं दुकान उघडं होतं, कारण एका शाळेची रजिस्टरं सोमवारी द्यायची होती. आत खळीचा वास भरला होता. भिंतीला लागून कोऱ्या कागदांच्या थप्प्या, मध्ये वह्या दाबायचा लाकडी शिकंजा, आणि खाली चटईवर मांडी घालून तो दोऱ्याला मेण लावत बसला होता. घड्याळजींना दारात बघून तो धडपडत उठला.

"भाऊजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळं बरं आहे. सहज आलो."

मेव्हण्याने स्टूल ओढलं, त्यावरचा कागदाचा चुरा हाताने झटकला, मग पुन्हा सदऱ्याच्या टोकाने पुसलं. त्याचे कानावरचे केस पांढरे झाले होते. घड्याळजी बसले, पिशवी मांडीवर घेऊन. कसं बोलायचं ते वाटेत दहा वेळा मनाशी जुळवलं होतं. पण तोंड उघडायच्या आत मेव्हणाच बोलला.

"खरं तर मीच यायला हवं होतं. किती वेळा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो. तोंड दाखवायची हिंमत होईना."

"तुझी?"

"मग काय? ताई म्हणायची, ते विसरले असतील, चल. पण मी कसा विसरू? चारचौघांत सख्ख्या मेव्हण्याला बाद करायची पाळी मी तुमच्यावर आणली." तो दोऱ्याला मेण लावतच होता, लावलेल्या जागी पुन्हा. "सोनाराने मला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, एक वीस म्हणून. घरी जाऊन ती चिठ्ठी मी किती वेळा वाचली असेल. पण म्हटलं, भाऊजींचा काटा चुकणार नाही. मीच तोलताना बोट टेकवलं असेल, बाही लागली असेल. लोक हसले ते बरोबरच होतं. पण तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं असेल, तेच माझ्या डोक्यातून जात नाही."

त्या दिवशी काय वाटलं होतं ते घड्याळजींना लख्ख आठवलं. छान वाटलं होतं. लोक हसले तेव्हा तर फारच छान वाटलं होतं.

लाज म्हणजे काय हे त्यांना आतापर्यंत ठाऊक आहे असं वाटत होतं. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या तेव्हा वाटली ती लाज पकडले जाण्याची होती. ही वेगळी होती. हिला तोंड लपवायला जागाच नव्हती. त्यांनी आयुष्यात कधी कुणापुढे मान खाली घातली नव्हती, आणि आता मान वर करता येईना.

"पाणी देऊ का?" मेव्हणा म्हणाला.

"नको. बस तू. बस जरा."

त्यांनी पिशवीतून डबा काढून शिकंज्याच्या फळीवर ठेवला. मेव्हण्याने तो लगेच ओळखला आणि नकळत दोन पावलं मागे सरकला. आठ वर्षांनीसुद्धा.

"माझा काटा चुकला होता," घड्याळजी म्हणाले.

मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सोनाराकडची तार, घरी येऊन लावलेली कडी, तिचं वजन. बाईंची तार, बरोबर वीस भरली म्हणून मारलेली थाप. सांगताना ते मेव्हण्याकडे बघत नव्हते, कार्डाकडे बघत होते. कडी खिशातून काढून त्यांनी फळीवर ठेवली. खळीच्या डागांमध्ये ती दिसेनाशी झाली.

मेव्हणा डब्याजवळ आला आणि वाकून कार्ड बघू लागला. कागदातच जन्म गेलेला माणूस. त्याने कार्डावर बोट न टेकवता वरूनच दाखवलं.

"ही रेघ नवी आहे. शाई पुरती वाळलेली नाही."

"आज दुपारी ओढली."

"आणि ही खरवडलेली?"

"ती जुनी."

"खरवडली कशाला?"

घड्याळजींनी नुसतं डोकं हलवलं, आणि मेव्हण्याला कळलं. कळल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं आणि ते बघणं घड्याळजींना सगळ्यात जड गेलं.

तो वळला, स्टुलावरून घड्याळजींना उठवलं, त्यावर चढला आणि कपाटाच्या डोक्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका उतरवला. खोका त्यानेच बांधलेला, कोपऱ्यांना कापड लावून. आत कापसाच्या चार उशांवर ते विमान होतं. पडदा पिवळसर पडला होता, रबर केव्हाच कुजून गेलं होतं, पण एकही काडी मोडलेली नव्हती.

"नाकाजवळ बघा," तो म्हणाला.

नाकाच्या काडीला, पंख्याच्या मागे, मेणाचा एक ठिपका होता. मोहरीएवढा.

"त्या दिवशी घरी येऊन लावला. सोनाराकडून बरोबर एक ग्रॅम मेण तोलून आणलं, त्याची लांब वळी केली, पट्टी धरून पन्नास सारखे तुकडे पाडले. त्यातला एक म्हणजे दोन शतांश. म्हटलं, उडवलं नाही तरी घरात ठेवायचं तर नियमात बसेल असं ठेवावं."

"पुन्हा तोललंस?"

"नाही. काय बघायचं होतं?"

घड्याळजींनी चिमटा त्याच्यापुढे धरला. मेव्हण्याने तो घेतला नाही. दोन बोटांनी, श्वास रोखून, विमान उचललं आणि त्याच्या आकड्याने काट्याला अडकवलं. टोक खाली गेलं, थरथरलं आणि नव्या रेघेच्या दोन रेघा खाली थांबलं. मग त्याने अंगठ्याचं नख त्या ठिपक्याखाली घातलं. मेण जुनं झालं होतं, लगेच सुटलं नाही. तो घाई न करता खरवडत राहिला. ठिपका निघाला तसं काट्याचं टोक उचललं गेलं, थोडं वर जाऊन परत आलं आणि ओल्या रेघेवर येऊन स्थिर झालं.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मेव्हणा मोरीपाशी गेला आणि पाठ करून हात धूत उभा राहिला. नळ बराच वेळ चालू होता.

"पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलवायला सांगतो हेडमास्तरांना," घड्याळजी त्याच्या पाठीला म्हणाले. "तिथेच सांगतो. जे तुला सांगितलं ते सगळ्यांपुढे. रेघ खरवडली तेही."

"हसतील तुम्हाला."

"हसू देत."

मेव्हण्याने नळ बंद केला. "ताईला सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिला सांगा. तिने मला आठ वर्षं एकदाही विचारलं नाही, की तू खरंच फसवलंस का. तुम्हालाही काही बोलली नसेल. तिने कुणाची बाजू घ्यायची होती?" असं म्हणत त्याने हात पुसले, फोन काढला, नंबर लावला आणि घड्याळजींच्या हातात दिला.

"हं, बोल रे," पलीकडून बायकोचा आवाज आला.

"मी बोलतोय."

"पोचलात एकदाचे," ती म्हणाली.

"अगं, काटा चुकला होता. माझाच काटा. त्याचं विमान बरोबर होतं. मी..."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? तुला कसं ठाऊक?"

"रेघ पुसट नव्हती," ती म्हणाली. "तो डबा रोज मीच पुसते."

पलीकडे तिने एकदा नाक ओढलं. भांड्याचा आवाज झाला.

"त्याला घेऊन या बरोबर. अन्न तसंच आहे दुपारचं. ताटं वाढते."

त्यांनी फोन मेव्हण्याकडे दिला. तो कोपऱ्यात तोंड करून हळू आवाजात बहिणीशी बोलू लागला. मध्येच "नाही गं," मध्येच "वेडी आहेस का," असं काहीतरी. घड्याळजी दाराशी आले. उंबऱ्याबाहेर मेव्हण्याच्या चपला पडल्या होत्या, एक उलटी, एक सुलटी. ते खाली वाकले आणि दोन्ही चपला उचलून, तोंडं रस्त्याकडे करून, सरळ लावून ठेवल्या.